ताप गेला, मग पाय का उचलत नाहीत?

ताप येऊन गेलेला असतो. कधी सर्दी-खोकला, कधी जुलाब, कधी कांजिण्या, कधी नुसताच दोन दिवसांचा 'व्हायरल'. माणूस पुन्हा कामाला लागलेला असतो. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी एका सकाळी तळपायांना मुंग्या येतात. दुपारपर्यंत त्या गुडघ्यांवर चढतात. चप्पल पायातून निसटते आणि निसटल्याचं कळतही नाही. पोटाभोवती कुणी पट्टा करकचून आवळल्यासारखं वाटतं. रात्री लक्षात येतं की सकाळपासून लघवीच झालेली नाही.

हे मज्जारज्जूच्या दाहाचं जवळजवळ पूर्ण चित्र आहे. डॉक्टर त्याला 'मायलायटिस' म्हणतात, आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकाराला 'ट्रान्स्वर्स मायलायटिस'. आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १ ते ८ नवे रुग्ण. पण दुर्मीळ म्हणूनच तो घरच्यांच्या आणि पुष्कळदा पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही. 'तापाने अशक्तपणा आलाय, विश्रांती घे' असं म्हणत दोन दिवस जातात, आणि या आजारात ते दोन दिवस फार मोलाचे असतात. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. दोन्ही पायांतलं बळ जातंय आणि लघवी अडली आहे, अशी जोडी दिसली तर तो अशक्तपणा नव्हे. सकाळची वाट न बघता, एमआरआयची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

करंगळीएवढी दोरी

मज्जारज्जू आणि पाठीचा कणा यांत आपण नेहमी गल्लत करतो. कणा हाडांचा. मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरणारी मऊ दोरी म्हणजे मज्जारज्जू. मोठ्या माणसात तिची लांबी ४२ ते ४५ सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम करंगळीएवढी. एवढ्याशा दोरीतून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर मेंदूशी जोडलेलं राहतं. स्नायूंना मिळणारे हुकूम तिच्यातून खाली येतात. स्पर्श, दुखणं, गरम-गार, पाय कुठे टेकलाय याची जाणीव, हे सगळं तिच्यातूनच वर जातं.

दाह म्हणजे सूज, लाली, गरमी, वेदना. बोटाला जखम झाली तर बोट सुजतं, सुजायला जागा असते. मज्जारज्जू मात्र हाडांच्या बोगद्यात आहे. तिथे सूज आली की ती आतल्या आतच दाबली जाते, रक्तपुरवठा आखडतो, आणि मूळ आघातापेक्षा नुकसान मोठं होतं. शिवाय इथे सगळे मार्ग एकमेकांना खेटून आहेत. मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात तेवढीच इजा झाली तर कदाचित एका हाताची दोन बोटं अडखळतील. मज्जारज्जूत तेवढ्याच जागेने दोन्ही पाय जातात.

'ट्रान्स्वर्स' म्हणजे आडवा. दाह दोरीच्या रुंदीत आडवा पसरतो, म्हणून त्रास एका ठरावीक पातळीखाली आणि बहुधा दोन्ही बाजूंना होतो. डॉक्टर टाचणीने पायांपासून वर टोचत येतात आणि विचारतात, 'आता कळतंय का?' बेंबीपाशी आल्यावर रुग्ण एकदम म्हणतो, 'हो, इथून कळतंय.' त्या रेषेवरून दाह छातीच्या भागातल्या दहाव्या नसेच्या आसपास असावा, हा अंदाज येतो. रेषा स्तनाग्रांच्या उंचीवर असेल तर चौथ्या नसेजवळ. पोटाभोवतीचा तो आवळलेला पट्टाही याच सीमारेषेवर जाणवतो. दाह मानेत असेल तर हातही जातात, आणि मानेत वरच्या बाजूला असेल तर श्वासाचे स्नायूही.

लघवीचं काय? मूत्राशय रिकामं करण्याचा हुकूम मेंदूच्या तळातून निघतो आणि मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे त्याला जवळजवळ सगळा रस्ता ओलांडावा लागतो, आणि वाटेत कुठेही दाह असला तरी तो अडकतो. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की मूत्राशय भरल्याची जाणीवही त्याच रस्त्याने वर येते, तीही थांबते. त्यामुळे पोटात लिटरभर लघवी साठली तरी माणसाला कळ येत नाही. मग भरलेलं मूत्राशय थेंब थेंब गळू लागतं आणि घरच्यांना वाटतं, 'लघवी होतेय की, उलट आवरत नाहीये.' ते गळणं म्हणजे तुंबलेल्या धरणावरून सांडणारं पाणी असतं. लहान मूल हे सांगू शकत नाही. ते चालायचं थांबतं, उचलून घेतलं की रडतं, आणि त्याची लंगोटी तासन्‌तास कोरडी राहते.

विषाणू स्वतः आत शिरतो तेव्हा

विषाणू मज्जारज्जूला दोन निरनिराळ्या वाटांनी दुखावतो, आणि उपचार समजायचे असतील तर हा फरक समजायलाच हवा.

पहिली वाट सरळ घुसखोरीची. याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे पोलिओ. त्याचं पूर्ण नाव पोलिओमायलायटिस, म्हणजे ग्रीक शब्दांनुसार करड्या मज्जेचा दाह. मज्जारज्जू आडवा कापून पाहिला तर मधोमध फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. त्याच्या पुढच्या टोकांतल्या पेशी स्नायूंना हलवतात, आणि पोलिओचा विषाणू नेमक्या त्याच पेशी मारतो. म्हणून पोलिओत पाय लुळा पडतो पण स्पर्श कळतो. ज्यांना संसर्ग होतो त्यांच्यातल्या बहुतेकांना हे होतही नाही. कायमचा लुळेपणा साधारण दोनशेत एकाला येतो. पोलिओच्याच कुळातले, म्हणजे एंटरोव्हायरस गटातले काही विषाणू तसंच वागतात. २०१४ साली अमेरिकेत 'एंटरोव्हायरस डी६८' या विषाणूची साथ असताना सर्दी-खोकल्यानंतर मुलांचे हातपाय लुळे पडल्याचे रुग्ण वाढले. २०१६ आणि २०१८ मध्ये ते पुन्हा वाढले. त्या आजाराला 'अॅक्यूट फ्लॅसिड मायलायटिस' असं नाव पडलं.

नागिणीची गोष्ट वेगळी. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. मज्जारज्जूच्या कडेला असलेल्या नसांच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती ढासळली की तो जागा होतो. बहुतेक वेळा तो नसेवरून बाहेर त्वचेकडे येतो आणि पट्ट्यासारखे फोड उठतात, तीच नागीण. क्वचित तो उलट्या दिशेला, आत मज्जारज्जूकडे सरकतो. नागीण उठल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्याच बाजूचा पाय जड वाटू लागला, तर हे डोक्यात यायला हवं. हा विषाणू हर्पिस कुळातला, आणि त्या कुळातले इतर विषाणूही असं करू शकतात. त्यातला एक प्रकार मज्जारज्जूच्या शेपटाजवळ बसतो आणि नितंबांचा बधिरपणा व लघवी अडणं एवढ्यावरच थांबतो. अशा रुग्णाची पाठ कुणी तपासतच नाही.

विषाणू निघून गेल्यानंतर

दुसरी वाट अधिक विचित्र, आणि मला विचाराल तर या आजाराचं मर्म तिच्यातच आहे. इथे मज्जारज्जूत विषाणू सापडतच नाही. तो घशात, फुप्फुसात किंवा आतड्यात आला, शरीराने त्याच्याशी झुंज दिली, तो हरला. आणि मग झुंज देणाऱ्या फौजेनेच स्वतःच्या मज्जारज्जूवर हत्यार उगारलं.

हे कसं उमगलं ती हकिकत सांगण्यासारखी आहे. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस माणसाला पहिल्यांदा टोचली. ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. लशीने असंख्य जीव वाचले. पण टोचून घेणाऱ्यांपैकी मोजक्या लोकांचे पाय काही दिवसांनी लुळे पडू लागले. रेबीजमुळे नव्हे, कारण त्यातले पुष्कळजण नंतर बरेही झाले, आणि रेबीज झालेला माणूस असा बरा होत नाही. मग कशाने? १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात कुठलाही विषाणू नव्हता. तरी काही माकडांना लुळेपणा आला, आणि तपासात त्यांच्या मज्जातंतूंवरचं आवरण सोललेलं आढळलं. शरीराला परक्या मेंदूचं आवरण शत्रू म्हणून पुन्हा पुन्हा दाखवलं, तर ते स्वतःच्याही आवरणावर तुटून पडू शकतं, हे त्यातून कळलं. (आजच्या रेबीज लशी पेशींवर वाढवलेल्या असतात, त्यांत मेंदूचा अंश नसतो. कुत्रा चावल्यावर ती लस टाळण्याचं हे कारण मुळीच नाही.)

त्या आवरणाला मायलिन म्हणतात. ते असेल तर जाड मज्जातंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो. ज्या तंतूंवर ते मुळातच नसतं त्यांत वेग सेकंदाला मीटर-दोन मीटर एवढाच. धावण्यासाठी बनलेल्या तंतूवरून आवरण सोललं गेलं की संदेश रेंगाळतो, विस्कटतो, किंवा पोचतच नाही.

संसर्गात हा घोटाळा कसा होतो? विषाणूच्या अंगावरचा एखादा तुकडा आपल्याच मायलिनच्या तुकड्यासारखा दिसतो. त्या तुकड्यावर नेम धरून तयार झालेल्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं मग दोघांत फरक करत नाहीत. अशी फौज उभी राहायला दिवस लागतात, म्हणून ताप आणि लुळेपणा यांच्यात काही दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंतची ती फसवी शांतता असते. फ्लू, गोवर, गालगुंड, डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, कोविड अशा अनेक संसर्गांनंतर हा दाह नोंदवला गेला आहे. पुष्कळ रुग्णांत मात्र कोणता विषाणू होता हे शेवटपर्यंत कळत नाही.

'ताप असताना काम केलं म्हणून असं झालं का?' हा प्रश्न रुग्ण विचारतातच, मोठ्याने नाही तर मनातल्या मनात. नाही. तुमच्या वागण्यातल्या कुठल्याही चुकीने हे होत नाही. आणि हा दाह एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

तपासण्या, त्यांच्या क्रमाने

रुग्णालयात पहिला प्रश्न 'दाह आहे का' हा नसतो, 'मज्जारज्जू कशाने दाबला गेलाय का' हा असतो. सरकलेली चकती, गाठ, पू, साकळलेलं रक्त यांनीही हुबेहूब हीच लक्षणं येतात, आणि तिथे काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून आधी पाठीचा एमआरआय, आणि तो नुसत्या कमरेचा नव्हे. मानेपासून खालपर्यंत. पाय लुळे पडले म्हणून फक्त कमरेचा एमआरआय काढला आणि छातीच्या उंचीवरचा दाह निसटला, असं घडू शकतं. अगदी सुरुवातीला एमआरआय स्वच्छही येतो. लक्षणं स्पष्ट असतील तर काही दिवसांनी तो पुन्हा करतात.

मग पाठीतलं पाणी काढणं. याची लोकांना भयंकर भीती असते. 'पाठीत सुई टोचली की माणूस कायमचा अधू होतो' हे वाक्य ऐकून कित्येक घरं नकार देतात. ही भीती का खोटी आहे ते नीट समजून घ्या. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात, जिथे पाण्यात फक्त सुट्या नसा तरंगत असतात. नंतर दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, हा नेहमीचा त्रास. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर दाहाचा पुरावा मिळतो, आणि पीसीआर चाचणीने हर्पिस, नागीण, एंटरोव्हायरस यांचा अंश शोधता येतो. हे पाणी न काढता उपचार ठरवणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

गियाँ-बारे सिंड्रोम या आजाराशी बराच गोंधळ होतो. तोही संसर्गानंतरच येतो, त्यातही पाय लुळे पडतात. पण तो मज्जारज्जूबाहेरच्या नसांचा आजार. त्यात बधिरपणाची स्पष्ट रेषा सापडत नाही, आणि लघवी सुरुवातीलाच ठप्प होणं त्याला शोभत नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का हे पाहणं इथे सुरुवातीला फसवं ठरतं. मज्जारज्जूच्या जोरदार आघातानंतर पहिले काही दिवस तो उडतच नाही, पाय अगदी ढिले असतात. ताठरपणा आणि जोरात उडणं नंतर येतं. लक्षणांचा वेगही डॉक्टर बारकाईने विचारतात. २००२ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे हा दाह सुरू झाल्यापासून ४ तास ते २१ दिवस या काळात शिखराला पोचतो. मिनिटांत पाय गेले असतील तर रक्तवाहिनी बंद झाल्याचा संशय आधी घेतात.

'संसर्ग झालाय आणि स्टिरॉइड देताय?'

हा प्रश्न अगदी रास्त आहे. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण वरची दुसरी वाट आठवा. नुकसान विषाणू नव्हे, फौज करते आहे. तिला तातडीने आवरायचं आहे. म्हणून मेथिलप्रेडनिसोलोन हे औषध मोठ्यांना रोज १ ग्रॅम, शिरेतून, ३ ते ५ दिवस देतात. मुलांना वजनाप्रमाणे. त्या दिवसांत साखर चढते, झोप उडते, चिडचिड होते, पोटात जळजळते. हर्पिस किंवा नागिणीची शंका असेल तर पाण्याचा अहवाल येण्याआधीच अॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सोबत सुरू करतात. पोलिओसारखा विषाणू स्वतः पेशी मारत असेल तर मात्र स्टिरॉइडचा असा फायदा सिद्ध झालेला नाही. उपचार समजण्यासाठी दोन वाटांतला फरक हवा असं म्हटलं ते यासाठी.

स्टिरॉइडने उतार पडला नाही तर प्लाझ्मा बदलतात. रक्त यंत्रातून फिरवून त्यातला द्रव भाग, म्हणजे हल्ला करणारी प्रतिपिंडं ज्यात आहेत तो, काढून टाकायचा आणि बदली द्रव भरायचा. असं साधारण एक दिवसाआड पाच-सात वेळा.

औषधं आठवड्याभरात संपतात. खरी लांबलचक लढाई त्यानंतरची, आणि ती बहुतांशी घरचे आणि फिजिओथेरपिस्ट लढतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण स्पर्श नसलेल्या त्वचेवर जखम होतेय हे रुग्णाला कळत नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध आणि हालचाल. सांधे आखडू नयेत म्हणून कुणीतरी रोज ते हलवून द्यायचे, रुग्णाला स्वतः हलवता येत नसले तरीही. लघवीसाठी कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करून ती काढून टाकणं चांगलं. मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली दाखवून दिलं की यासाठी शस्त्रक्रियागृहासारखं निर्जंतुकीकरण लागत नाही, हात आणि नळी स्वच्छ असली की पुरतं. त्या एका गोष्टीमुळे असंख्य लोकांना हे घरच्या घरी, स्वतःच्या हाताने करता येऊ लागलं. ज्यांचा दाह छातीच्या सहाव्या नसेच्या वर आहे, त्यांनी एक धोका लक्षात ठेवायचा. मूत्राशय तुंबलं किंवा नळी अडकली तर रक्तदाब एकदम भडकतो, डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब बसवायचं, नळीला पीळ पडलाय का ते बघायचं, आणि लगेच मदत मागायची.

किती बरं होणार? साधारण एक तृतीयांश रुग्ण जवळजवळ पूर्ववत होतात, एक तृतीयांशांना मध्यम अडचणी राहतात, आणि एक तृतीयांशांना मोठं अपंगत्व येतं. हे ऐकायला कठीण आहे, पण लपवण्यात अर्थ नाही. सुधारणा बहुधा पहिल्या एक ते तीन महिन्यांत दिसू लागते आणि दोन वर्षांपर्यंत होत राहू शकते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलत नाही म्हणून व्यायाम सोडणं हे मला सगळ्यात दुःखद वाटतं. चालता आलं तरी थकवा, पायांतली आग, ताठरपणा, लैंगिक अडचणी, खिन्नता उरू शकते. या प्रत्येकावर औषध किंवा उपाय आहे. डॉक्टर आपणहून विचारत नसतील तर तुम्ही सांगा.

विषाणूनंतरचा दाह बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो. पण पहिला झटका मल्टिपल स्क्लेरोसिसचा किंवा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराचाही असू शकतो. दोन्हींत शरीराची फौजच मज्जासंस्थेवर उलटते, आणि ते परत परत येतात. म्हणून मेंदूचाही एमआरआय करतात, आणि रक्तात अॅक्वापोरिन-४ व मॉग या दोन प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं तपासतात. दाह सलग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असेल तर ही तपासणी चुकवू नये. ती सकारात्मक आली तर झटके टाळणारी औषधं दीर्घकाळ घ्यावी लागू शकतात.

आणि बरे होत आलेल्यांसाठी एक गोष्ट. गरम पाण्याने अंघोळ केली, उन्हात चाललात किंवा साधा ताप आला की जुना बधिरपणा आणि अशक्तपणा पुन्हा वर येऊ शकतो. आवरण विरळ झालेला तंतू उष्णतेत संदेश नीट नेत नाही, म्हणून असं होतं. अंग थंड झालं की ते ओसरतं, आणि त्यात नवं नुकसान झालेलं नसतं. पण त्रास नव्या जागी आला, किंवा अंग थंड होऊनही चोवीस तास तसाच राहिला, किंवा लघवी पुन्हा अडली, तर फोनवर सल्ला घेत बसू नका. थेट रुग्णालयात जा आणि पहिल्या आजाराची फाइल सोबत न्या.